गाडीचा स्कॅनर घेण्याआधी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की गाडी गॅरेजमध्ये न्यायची, तिथे कुणीतरी स्कॅनर लावून ‘सेन्सर गेलाय’ म्हणायचे आणि पार्टचे नि मजुरीचे बिल हातात ठेवायचे, हे आता अंगवळणी पडले आहे. यावर उपाय म्हणून अनेक जण ऑनलाइन बाजारातून तीन-चारशे रुपयांचा निळा ब्लूटूथ अडॅप्टर मागवतात. तो गाडीशी कधी जोडला जातो, कधी नाही. जोडला गेलाच तर ‘पी०१३५’ असा काहीतरी कोड दाखवतो आणि मालक लगेच ऑक्सिजन सेन्सर मागवून मोकळा होतो. गॅरेजमध्ये जी चूक होत होती, तीच मग स्वतःच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या हाताने होते. आपल्या वाहनविषयक पानावर नव्या गाड्यांची परीक्षणे नियमाने येतात. घरी गाडीची लहानसहान कामे करणाऱ्यांनाही थोडी जागा मिळावी, म्हणून हे पत्र जरा लांबवतो.

पहिली गोष्ट अशी की खोक्यावर छापलेल्या ‘३००० कोड ओळखतो’ वगैरे दाव्यांना काडीची किंमत देऊ नका. कोडचा अर्थ इंटरनेटवर फुकट मिळतो. यंत्राकडून हवे ते वेगळेच: इंजिन चालू असताना सेन्सरचे बदलते आकडे, म्हणजे लाइव्ह डेटा, आणि दिवा लागला त्या क्षणी इंजिन कोणत्या अवस्थेत होते याची नोंद, म्हणजे फ्रीज फ्रेम. या दोन गोष्टी नसलेला रीडर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

हे आकडे कशासाठी लागतात ते एका साध्या कोडवरून पाहू. पी०११३ म्हणजे आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. दुकानदार म्हणेल, सेन्सर बदला. लाइव्ह डेटा उघडला तर तापमानाच्या जागी बहुतेक वेळा उणे ४० अंश दिसतात. नागपूरच्या मे महिन्यात उणे ४०! सर्किट कुठेतरी तुटले की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, हाच आकडा दाखवतो. आता सेन्सरचा कपलर, म्हणजे तारांचा जोड, काढा आणि कपलरमधल्या दोन तारा छोट्या वायरच्या तुकड्याने एकमेकींना जोडा. आकडा उसळून सव्वाशे-दीडशे अंशांकडे गेला तर वायरिंग आणि ईसीयू ठीक आहेत, दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या पिनांमध्ये आहे. आकडा उणे ४० वरच बसून राहिला तर नवा सेन्सर लावूनही दिवा विझणार नाही. तार कुठे तुटली ते शोधावे लागेल. ही युक्ती दोन तारांच्या तापमान सेन्सरपुरतीच आहे. तीन-चार तारांच्या सेन्सरवर असे शॉर्ट करायला जाऊ नका, सेन्सरना पुरवठा करणारी पाच व्होल्टची लाइन बंद पडेल. आणि प्रत्यक्षात या कोडचे सगळ्यात साधे कारण काय असते? एअर फिल्टर बदलताना काढलेला कपलर परत बसवायचा राहिलेला असतो.

वर म्हटलेला पी०१३५ हाही असाच. तो पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरच्या सर्किटबद्दल बोलतो, सेन्सरचे वाचन चुकते असे म्हणत नाही. आधी फ्यूज पाहावा, मग इंजिन चालू असताना कपलरवर १२ व्होल्ट येतात का ते मल्टीमीटरने पाहावे, शेवटी थंड सेन्सरच्या हीटरचा रेझिस्टन्स मोजावा. तो सहसा काही ओहम असतो. मीटरने सर्किट उघडे (तुटलेले) किंवा शॉर्ट दाखवले तरच सेन्सर टाकून द्यावा. म्हणून स्कॅनरच्या बजेटमधले हजार रुपये एका बऱ्या मल्टीमीटरसाठी बाजूला ठेवा.

आता आपली गाडी कोणती, याकडे. अमेरिकेत ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवून ठरावीक सॉकेटवर सांगण्याचे मानक, १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीचे झाले. आपल्याकडे बीएस-४ (भारत स्टेज ४ हे उत्सर्जन मानक) गाड्यांना २०१० पासून ओबीडी-१ आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ लागू झाले. पण बीएस-४ स्वतःच टप्प्याटप्प्याने आले. एप्रिल २०१० मध्ये ते १३ शहरांत होते, त्यांत आपल्याकडची मुंबई, पुणे आणि सोलापूर. मग आणखी काही शहरे आणि साऱ्या देशात एप्रिल २०१७. त्यामुळे २०१४ ची गाडी असली तरी ती बीएस-३ असू शकते. आरसीवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर उत्सर्जन मानक पाहून घ्या. बीएस-४ आणि २०१३ नंतरची असेल तर साधा रीडर चालायला हरकत नाही. त्याआधीच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली १६ पिनांचे सॉकेट दिसले म्हणून हुरळू नका. सॉकेटचा आकार तोच, पण आत कंपनीची स्वतःची भाषा, असे बऱ्याच जुन्या गाड्यांत आहे. अशा गाडीसाठी परत करता येईल तिथूनच खरेदी करावी.

सॉकेटमध्ये काय कुठे असते हे माहीत असले की निम्मा गोंधळ कमी होतो. १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचे १२ व्होल्ट, ४ आणि ५ वर अर्थ, ६ आणि १४ वर कॅन बसच्या, म्हणजे गाडीतल्या संगणकांच्या आपसातल्या संवादाच्या, दोन तारा, ७ वर जुन्या गाड्यांतली स्कॅनरशी बोलण्याची तार, के-लाइन. रीडरचा दिवाच लागत नसेल तर यंत्राला दोष देण्याआधी १६ आणि ४ मध्ये व्होल्टेज मोजा. अनेक गाड्यांत हा फ्यूज सिगारेट लायटरच्या सॉकेटशी सामाईक असतो आणि स्वस्तातल्या मोबाइल चार्जरने उडालेला असतो. दिवा लागतो पण ‘ईसीयू सापडत नाही’ असे येत असेल, तर इग्निशन खरोखर ऑन आहे का ते पाहा. बटणाच्या गाडीत ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबावे लागते. एकदा दाबल्यावर बहुधा फक्त रेडिओ जागा होतो.

स्वस्त अडॅप्टरचे दुखणे समजून घेण्यासारखे आहे. या अडॅप्टरांच्या पोटातली ईएलएम३२७ ही मूळची कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची चिप. तिच्या पहिल्या आवृत्तीला कॉपी-कुलूप नव्हते, म्हणून तिच्या नकला जगभर पसरल्या. कंपनीने २०२२ मध्ये काम बंद केले, नकला मात्र जोरात आहेत. गंमत म्हणजे ‘व्ही१.५’ असे ज्यावर छापलेले असते ती आवृत्ती मूळ कंपनीने कधी काढलीच नाही. ‘व्ही२.१’ मूळ कंपनीची होती. पण त्या नावाने विकल्या जाणाऱ्या इवल्याशा नकलांमध्ये अनेक कमांड गाळलेल्या असतात आणि के-लाइनचा आधार बऱ्याचदा नसतोच. या नकला बीएस-६ गाडीवर चालतात, कारण तिथे फक्त कॅन बस लागते. तीच वस्तू २०१० च्या हॅचबॅकवर मुकी बसते. म्हणून दोन मित्रांचे अनुभव अगदी उलटे येतात आणि दोघेही खरे असतात. आवृत्तीच्या आकड्यावर विश्वास न ठेवता अँड्रॉइडवर मिळणारे ईएलएम३२७ आयडेंटिफायर हे फुकट अ‍ॅप चालवून पाहा. कोणत्या कमांड चालतात, कोणत्या नाहीत, ते यादीच देते. निम्म्या कमांड नापास झाल्या तर वस्तू त्याच दिवशी परत पाठवावी.

ब्लूटूथ की वायफाय हा प्रश्न फोनवर ठरतो. साधे जुने ब्लूटूथ अँड्रॉइडशी जुळते, पण आयफोनशी नाही. आयफोनवाल्याने बीएलई म्हणजे कमी ऊर्जेच्या ब्लूटूथचा किंवा वायफायचा अडॅप्टर घ्यावा. वायफायची अडचण अशी की फोन अडॅप्टरच्या नेटवर्कला चिकटला की बऱ्याचदा इंटरनेट तुटते आणि कोडचा अर्थ शोधता येत नाही. व्हीगेट आयकार प्रो सारखा बीएलई अडॅप्टर दोन-तीन हजारांच्या घरात मिळतो आणि घरच्या कामाला पुरतो. ओबीडीलिंकचे अडॅप्टर यापेक्षा बरेच महाग पडतात. त्यांचा वेग आणि भरवसा वादातीत आहे, पण वर्षातून चारदा बॉनेट उघडणाऱ्याला त्याची गरज नाही. अ‍ॅपमध्ये कार स्कॅनर दोन्ही प्रकारच्या फोनवर चालते, टॉर्क प्रो फक्त अँड्रॉइडवर.

फोनचा व्याप नको असेल तर वायर असलेला हातातला रीडर उत्तम. चार्जिंग नाही, जोडणी नाही, लावला की सुरू. लाँच, ऑटेल, अँसेल, फॉक्सवेल यांचे साधे रीडर मिळतात. घेण्याआधी फ्रीज फ्रेम, लाइव्ह डेटा, आय/एम रेडिनेस (गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या का) आणि पेंडिंग कोड (दिसलेला, पण अजून पक्का न झालेला दोष) हे चार शब्द माहितीपत्रकात आहेत ना ते बघा. आलेख काढता येत असेल तर चांगलेच. ऑक्सिजन सेन्सर पाहताना धावते आकडे डोळ्यांना कळत नाहीत.

हे सगळे फक्त इंजिनापुरते, हे मात्र विसरू नका. नियमाने कंपनीला उघडे ठेवावे लागते ते उत्सर्जनाशी संबंधित भागापुरते. एबीएस, एअरबॅग, पॉवर स्टिअरिंग, बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे, काचा, कुलपे सांभाळणारा भाग) यांचे कोड साध्या रीडरला दिसत नाहीत. एबीएसचा दिवा लागला आहे आणि रीडर ‘कोड नाही’ म्हणतो, याचा अर्थ गाडी ठीक आहे असा होत नाही. रीडरला तिथे प्रवेशच नाही. इथे मेकप्रमाणे वाट बदलते. चाकण किंवा शेंद्र्याच्या कारखान्यातून आलेल्या फोक्सवॅगन-स्कोडा गाडीला व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन ही या मेकसाठीची साधने. सुझुकीला एसझेड व्ह्यूअर हे अ‍ॅप साध्या चांगल्या अडॅप्टरवर बरेच काही दाखवते. फोर्डवाल्यांना तर फोरस्कॅन हे अ‍ॅप म्हणजे वरदान, कारण कंपनीने २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवायचे ठरवल्यापासून सर्व्हिस सेंटर विरळ होत गेली. फक्त फोर्डच्या अनेक गाड्यांत काही मॉड्यूल ३ आणि ११ नंबरच्या पिनांवरच्या वेगळ्या कॅन बसवर असतात, त्यासाठी दोन्ही बसमध्ये आपोआप किंवा खटक्याने बदलणारा अडॅप्टर लागतो. सगळ्या मेकचे सगळे वाचणारा टॅब्लेटसारखा स्कॅनर पंधरा हजारांच्या पुढे जातो आणि वर्ष-दोन वर्षांनी अपडेटचे पैसे मागतो. सोसायटीतल्या चार-पाच जणांनी मिळून घेतला तरच तो परवडतो.

इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असलेल्या गाडीत मागचे पॅड बदलायचे तर सर्व्हिस मोड देणारा स्कॅनर हाताशी असल्याशिवाय कामाला हात घालू नये. मोटर जबरदस्तीने मागे ढकलली तर कॅलिपर जातो. डिझेल इंजेक्टर बदलल्यावर त्याचा कोड ईसीयूत भरावा लागतो, तेही साध्या रीडरचे काम नाही. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला तर मल्टीमीटर लावूच नये.

सीएनजीच्या गाड्या आपल्याकडे उदंड आहेत आणि स्कॅनरचा खरा उपयोग तिथेच सर्वांत जास्त होतो. आकडे पाहायचे ते फ्यूएल ट्रिमचे. ईसीयू ठरलेल्या इंधनात किती टक्के भर घालतो किंवा कपात करतो ते शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म अशा दोन ओळींत दिसते. दोन्हींची बेरीज धरायची. उणे-अधिक ५ च्या आसपास असेल तर छान. सतत १० च्या वर असेल तर काहीतरी बिघडते आहे, आणि २०-२५ च्या घरात गेले की दिवा लागतो: अधिककडे पी०१७१, उणेकडे पी०१७२. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने गॅस देणाऱ्या) किटच्या गाडीत इंजिन पूर्ण गरम झाल्यावर पेट्रोलवर पंधरा-वीस मिनिटे चालवा, आयडलला आणि २५०० आरपीएमला बेरीज लिहून ठेवा; मग गॅसवर टाकून तेच करा. पेट्रोलवर शून्याजवळ आणि गॅसवर अधिक २० असेल तर सेन्सर, प्लग, इंजेक्टर यांना हात लावू नका. गॅस फिल्टर, रिड्यूसरचा (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाचा) दाब किंवा किटची सेटिंग बघायला किटवाल्याकडेच जा. दोन्ही इंधनांवर अधिक असेल तर दोष सामाईक आहे. आयडलला जास्त आणि २५०० ला कमी होत असेल तर थ्रॉटलनंतर, मॅनिफोल्डमध्ये, कुठेतरी जास्तीची हवा खेचली जाते आहे: फाटलेली व्हॅक्यूम नळी, सुकलेला गॅस्केट. उलट आरपीएम आणि लोड वाढेल तसे ट्रिम वाढत असेल आणि हे फक्त पेट्रोलवर होत असेल तर पंप किंवा फिल्टर इंधन पुरवू शकत नाही. गॅसवर बिघडलेली लाँग टर्म सवय ईसीयू पेट्रोलवर आल्यावरही काही वेळ धरून ठेवतो, म्हणून पेट्रोलवरचे पहिले पाच मिनिटांचे आकडे धरू नयेत.

महागड्या पार्टचा कोड म्हणजे पी०४२०, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची क्षमता कमी. हा कोड वाचून कन्व्हर्टर बदलायला निघण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. इंजिन मिसिंग करत नाही ना (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन जळायचे चुकत नाही ना), म्हणजे पी०३०१ ते पी०३०४ पैकी काही पेंडिंगमध्ये आहे का. सेन्सरच्या पुढे-मागे सायलेन्सरचा जोड गळत नाही ना. आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख कसा आहे. तो ०.६-०.७ व्होल्टजवळ शांत असेल तर कन्व्हर्टर काम करतो आहे, पुढच्यासारखा ०.१ ते ०.९ मध्ये नाचत असेल तर शंका खरी. नव्या गाड्यांत पुढे वाइडबँड (हवा-इंधनाचे प्रमाण सलग मोजणारा) सेन्सर असतो, तो असा नाचत नाही, म्हणून तुलना पुढच्याशी न करता मागचा स्थिर आहे का एवढेच पाहावे. चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर स्कॅनरचा विचार नंतर. गाडी हळू घेऊन थांबवा, कारण न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटते आणि काही किलोमीटरांत तो वितळू शकतो.

कोड पुसण्याचे बटण शेवटचे. आधी कोड आणि फ्रीज फ्रेमचा फोटो काढून ठेवा. पुसले की फ्रीज फ्रेम जाते, सगळ्या रेडिनेस चाचण्या ‘अपूर्ण’ होतात, आणि बऱ्याच गाड्यांत शिकलेले ट्रिमही शून्यावर येते. म्हणजे पुरावाच संपतो. बॅटरीची तार काढून ‘रिसेट’ मारण्याने बऱ्याच गाड्यांत हेच होते.

जुनी गाडी विकत घेताना हीच गोष्ट उपयोगी पडते. दिवा विझलेला आहे, पण रेडिनेसच्या चार-पाच चाचण्या ‘अपूर्ण’ आणि ‘कोड पुसल्यापासूनचे अंतर’ १२ किलोमीटर दिसले, तर विक्रेत्याने सकाळीच स्कॅनर फिरवला आहे किंवा बॅटरी काढली आहे. कारण विचारा, आणि शंभर-दीडशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा पाहायला मिळेल का तेही विचारा. ही नोंद सर्व गाड्या देत नाहीत, बीएस-६ गाड्यांत सहसा मिळते.

अडॅप्टर सॉकेटमध्ये कायमचा ठेवून देणाऱ्यांसाठी एक हिशेब. साधारण ४० मिलीअँपिअर खाणारा अडॅप्टर दिवसाला जवळपास १ अँपिअर-तास घेतो. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. दोन आठवडे गाडी उभी राहिली की चौदा गेले, त्यात गाडीचा स्वतःचा खर्च वेगळा, आणि बॅटरी तीन वर्षांची असेल तर स्टार्टर नुसता टक-टक करणार. शिवाय अशा अडॅप्टरचा पिन १२३४ किंवा ०००० असतो आणि जोडायला कुणालाही बंदी नसते. काम झाले की काढा. गाडी चालवताना आकडे बघायचे असतील तर शेजारी बसलेल्याने बघावेत. अ‍ॅपमध्ये नोंद साठवून घरी येऊन पाहिलेले त्याहून बरे.

आता दोन मागण्या. गॅरेजवाल्यांकडे: ज्या दुरुस्तीत कोडच्या आधारे पार्ट बदलला, तिथे बिलावर कोड, फ्रीज फ्रेममधले आरपीएम, तापमान, वेग आणि पार्ट बदलण्याआधी केलेली एक तरी मोजणी लिहावी. स्कॅनर हे सगळे दाखवतोच, फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला अर्धा मिनिट लागतो. ग्राहकांनीही ‘स्कॅनिंगचे पाचशे’ देताना तो फोटो मागून घ्यावा. आणि संपादक महोदय, आपल्याकडे: नव्या गाडीच्या परीक्षणात मायलेज आणि बूट स्पेसच्या शेजारी तीन ओळी वाढवाव्यात. ओबीडीचे सॉकेट कुठे आहे, साध्या अडॅप्टरवर एबीएसचे कोड वाचता येतात का, आणि मागच्या ब्रेक पॅडसाठी स्कॅनर लागतो का.

आपला,
वाहन-विद्युत दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक, पिंपरी-चिंचवड